पुन्हां परीक्षेस बसतांना

परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या मुलीचें कौतुक कसें करावें, हें आपल्या घरांतील मंडळींस शिकवावें लागत नाहीं. देवापुढें साखर ठेविली जाते, शेजारींपाजारीं पेढे जातात, आणि दूरच्या आत्या-मावश्यांसही संध्याकाळपर्यंत वार्ता पोंचते. परंतु जी अनुत्तीर्ण झाली तिच्याशीं कसें वागावें, याचें शिक्षण आपणांपैकीं फारच थोड्यांस मिळालेलें असतें. त्यांतही ती शाळा-कॉलेजांतील विद्यार्थिनी नसून चार-पांच वर्षें रुग्णालयांत राबलेली, रात्रपाळ्या सोसलेली, अनेक रोग्यांच्या उशाशीं उभी राहिलेली परिचारिका असेल, तर प्रश्न अधिकच नाजूक होतो. अमेरिकेंत किंवा कॅनडांत परिचारिका म्हणून काम करावयाचें तर परवाना-परीक्षा द्यावी लागते. तींत अपयश आलेल्या कन्या आणि सुना आज आपल्याकडील कांहीं घरांत आहेत. त्यांच्याकरितां, आणि त्यांच्या घरच्या मंडळींकरितांही, हा लेख आम्ही लिहीत आहों.

प्रथम या परीक्षेचें स्वरूप पाहूं. तिचें नांव ‘एनक्लेक्स’. अमेरिकेंतील निरनिराळ्या राज्यांच्या परिचर्या-मंडळांनीं १९७८ सालीं आपली एक मध्यवर्ती परिषद स्थापन केली, आणि तिच्या वतीनें १९८२ पासून ही परीक्षा घेतली जाऊं लागली. आरंभीं ती कागद-पेन्सिलीनें, वर्षांतून दोनच वेळां होत असे. १९९४ पासून ती संगणकावर आली. २०१५ पासून कॅनडांतील बहुतेक प्रांतांनीं तीच स्वीकारली, आणि १ एप्रिल २०२३ पासून तिला नवें रूप मिळालें. या नव्या रूपांत परीक्षार्थिनीस कमींत कमी ८५ व जास्तींत जास्त १५० प्रश्न येतात, आणि एकंदर वेळ पांच तासांचा असतो. त्यांपैकीं १५ प्रश्न केवळ चांचणीसाठीं घातलेले असून ते गुणांत धरले जात नाहींत. मात्र ते कोणते, हें कोणासही कळत नाहीं.

संगणकाची रीत नीट समजल्याशिवाय या परीक्षेंतील अपयशाचा अर्थ लागत नाहीं. आपल्याकडील परीक्षेंत सर्वांस एकच प्रश्नपत्रिका मिळते, आणि शेंकडा अमुक गुण पडले कीं मनुष्य पास होतो. येथें तसें नाहीं. प्रत्येक उत्तरानंतर यंत्र परीक्षार्थिनीच्या पात्रतेचा अंदाज बांधतें, आणि त्या अंदाजास जुळेल असा पुढचा प्रश्न निवडतें. उत्तर बरोबर आलें तर पुढचा प्रश्न अधिक कठीण येतो, चुकलें तर कांहींसा सोपा येतो. प्रश्न सोडून पुढें जातां येत नाहीं, आणि दिलेलें उत्तर मागें जाऊन बदलतांही येत नाहीं. हिची पात्रता ठरलेल्या रेषेच्या वर आहे कीं खालीं आहे, याविषयीं शेंकडा ९५ इतकी खात्री झाली म्हणजे यंत्र थांबतें. तशी खात्री न झाल्यास प्रश्न १५० पर्यंत चालूं राहतात, आणि अखेरचा अंदाज रेषेच्या वर असेल तरच परीक्षार्थिनी उत्तीर्ण ठरते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, चांगल्या तयारीच्या मुलीलाही निम्म्याच्या जवळपास प्रश्न चुकल्यासारखे वाटतात, कारण यंत्र तिला सतत तिच्या शक्तीच्या सीमेवरच उभें ठेवतें. ‘एवढें कठीण जातें आहे, त्या अर्थीं आपण नापासच’, असें साठाव्या-सत्तराव्या प्रश्नाला मनांत येऊन पुढील प्रश्न घाईघाईनें उरकणें, हें पुष्कळ वेळां अपयशाचें खरें कारण असतें. दुसरी गोष्ट ही कीं, ८५ प्रश्नांवर यंत्र थांबलें तर शुभ आणि १५० पर्यंत गेलें तर अशुभ, हे मैत्रिणींमैत्रिणींत चालणारे शकुन सर्वथैव फोल होत. पण निकाल कळल्यानंतर मात्र ही संख्या कांहीं सांगते. जी १५० प्रश्न सोडवून अनुत्तीर्ण झाली, ती रेषेच्या अगदीं जवळ होती. जी ८५ वरच अनुत्तीर्ण ठरली, तिच्याविषयीं यंत्रास लवकर खात्री झाली. पहिलीला थोडी दुरुस्ती पुरेल, दुसरीनें पाया पुन्हां घालावा लागेल. घरच्यांनीं दोघींना एकाच मापानें मोजूं नये.

अनुत्तीर्ण होणें म्हणजे ही मुलगी वाईट परिचारिका आहे, असा याचा अर्थ होतो काय? हा वाद फार जुना आहे. परिचारिकांची कायद्यानें नोंदणी करणारा जगांतील पहिला कायदा १९०१ सालीं न्यूझीलंडमध्यें झाला. अमेरिकेंत १९०३ सालीं नॉर्थ कॅरोलायना राज्यानें आरंभ केला, आणि इंग्लंडमध्यें तो कायदा १९१९ पर्यंत रेंगाळला. इंग्लंडांतील या विलंबास जीं कारणें झालीं, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचा विरोध हें एक होतें, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल. आधुनिक परिचर्येचा पाया घालणारी ही विदुषी परीक्षा व नोंदणी यांच्या विरुद्ध होती. परिचारिकेचें शील, तिची निष्ठा, रोग्याविषयींची तिची सावधगिरी हीं परीक्षेनें मोजतां येत नाहींत, असें तिचें म्हणणें होतें.

तिच्या म्हणण्यांत तथ्य आहे, तथापि जगानें तें मानलें नाहीं, आणि आमच्या मतें तें योग्यच झालें. अपरिचित गांवीं, अपरिचित रुग्णालयांत निजलेल्या रोग्यास आपल्या परिचारिकेचें शील पारखून घेण्यास सवड नसते. हिला निदान एवढें तरी येतें, अशी कोणी तरी हमी दिलेली त्यास हवी असते. ती रेषा परीक्षार्थिनीस अडविण्याकरितां आंखलेली नाहीं, त्या रोग्याकरितां आंखलेली आहे. हें एकदां मनांत ठसलें म्हणजे अपयशाची नामुष्की पुष्कळ कमी होते, आणि अभ्यासाचा हेतूही स्पष्ट होतो. शिवाय आपल्या राज्याच्या परिषदेकडील तिची नोंदणी या अपयशानें जात नाहीं. परदेशची परीक्षा हुकली तरी ती येथील परिचारिका आहेच, आणि तिच्या हातून बरे होऊन गेलेले रोगीही खोटे ठरत नाहींत.

आतां पुढील मार्ग. मध्यवर्ती परिषदेच्या नियमाप्रमाणें दोन परीक्षांमध्यें निदान ४५ दिवसांचें अंतर असावें लागतें. ज्या राज्याच्या मंडळाकडे अर्ज केला असेल, त्याचे स्वतःचेही नियम असतात. उदाहरणार्थ, फ्लॉरिडा राज्यांत तीन वेळां अनुत्तीर्ण झाल्यास उजळणीचा विशेष अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय पुन्हां बसतां येत नाहीं. म्हणून पहिलें काम म्हणजे आपल्या मंडळाचे नियम मुळांतून वाचणें. दलालानें किंवा शिकवणीच्या वर्गानें सांगितलें एवढ्यावर विसंबूं नये. परीक्षेची फी २०० डॉलर असून अमेरिकेबाहेरील केंद्रावर बसल्यास त्यावर अधिक आकार पडतो. परवाना-मंडळाचा व प्रवासाचा खर्च तो निराळाच. कर्ज काढून हा मार्ग धरलेल्या घरास ही रक्कम लहान नाहीं.

दुसरें काम म्हणजे अपयशाचें पत्र नीट वाचणें. अनुत्तीर्ण परीक्षार्थिनीस एक अहवाल मिळतो. त्यांत परीक्षेच्या प्रत्येक विभागांत ती रेषेच्या वर होती, रेषेच्या जवळ होती, कीं रेषेच्या खालीं होती, हें दिलेलें असतें. पुष्कळ मुली हें पत्र दुःखाच्या भरांत एकदां पाहतात आणि कपाटांत टाकतात. वास्तविक पुढील अभ्यासाचा नकाशा तोच आहे. २०२३ च्या आराखड्यांत रोग्यांच्या सेवेची व्यवस्था व कामाची वांटणी या विभागास शेंकडा १५ ते २१, आणि औषधयोजनेच्या विभागास शेंकडा १३ ते १९ इतका वांटा होता. या दोन्हींत जी रेषेखालीं असेल, तिनें इतर विषयांत कितीही पाठांतर केलें तरी भागावयाचें नाहीं.

यावर सर्वसाधारण उपाय केला जातो तो असा: तींच जाड पुस्तकें पहिल्या पानापासून पुन्हां वाचावयाचीं, फक्त अधिक तास बसून. आमच्या मतें हीच मोठी अडचण आहे. अमेरिकेंत शिकून प्रथमच परीक्षेस बसणाऱ्या दहा मुलींपैकीं अलीकडच्या वर्षांत सुमारें नऊ उत्तीर्ण होत आल्या आहेत, परंतु पुन्हां बसणाऱ्यांत हें प्रमाण सुमारें निम्म्यावर येतें. याचें एक कारण आम्हांस असें दिसतें कीं, पुष्कळजणी दुसऱ्या खेपेसही पहिल्या खेपेचाच अभ्यास करितात. ही परीक्षा माहिती किती आहे एवढेंच विचारीत नाहीं. ती माहिती हाताशीं असतांना तूं प्रथम काय करशील, असें विचारते. एक उदाहरण घेऊं.

सकाळीं कामावर हजर होतांच परिचारिकेस चार रोगी सोंपविले आहेत. पहिला, शस्त्रक्रियेस दोन दिवस झालेला, वेदनेवर औषध मागत आहे. दुसरा मधुमेही असून त्यास एकाएकीं दरदरून घाम सुटला आहे व तो असंबद्ध बोलूं लागला आहे. तिसरा घरीं जाण्यास निघालेला असून पथ्याची माहिती मागत आहे. चौथा फुप्फुसाच्या जुन्या विकाराचा रोगी, त्याच्या रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण शेंकडा ९० भरतें आहे. कोणाकडे प्रथम जावें? पुस्तक तोंडपाठ असलेली मुलगी ९० हा आंकडा पाहतांच चौथ्याकडे धांवते, कारण निरोगी माणसास तो कमी होय. परंतु अशा जुन्या रोग्यांत ८८ ते ९२ हें प्रमाण पुष्कळदां अपेक्षितच असतें. खरें संकट दुसऱ्याचें आहे. त्याच्या रक्तांतील साखर उतरली असण्याचा संभव मोठा, आणि तेथें मिनिटांचा प्रश्न आहे. पहिल्याची वेदना खरी असली तरी ती अपेक्षित आहे, आणि तिसऱ्यास थांबतां येतें. चारही रोगांची माहिती त्या मुलीस होती. चुकला तो क्रम.

आपल्याकडे शिकलेल्या मुलींस या क्रमाचा सराव कमी असतो, यांत त्यांचा दोष थोडाच आहे. येथें बहुधा डॉक्टर सांगतील तसें करण्याची शिस्त असते. शिवाय रोग्यास न्हाऊं घालणें, भरविणें हीं कामें पुष्कळदां नातेवाईकच उरकतात. तिकडे नोंदणीकृत परिचारिकेच्या हाताखालीं मदतनीस असतात, आणि कोणतें काम कोणास द्यावें याचा निर्णय तिचा असतो. प्रकृति स्थिर असलेल्या रोग्याची आंघोळ, जेवण, नेहमींची नाडी-तापमान पाहणी मदतनिसास देतां येते. परंतु रोग्याची तपासणी करून निष्कर्ष काढणें, त्यास शिकविणें, आणि उपायाचा परिणाम जोखणें हीं कामें तिनें स्वतःच करावयाचीं असतात. औषधांचीं नांवेंही तेथें निराळीं आहेत. आपलें पॅरासिटामॉल तेथें ॲसिटामिनोफेन होतें, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होतें, आणि ॲड्रिनॅलिनला एपिनेफ्रिन म्हणतात. ओळखीचें औषध अनोळखी नांवानें समोर आलें म्हणजे जाणकार मुलगीही क्षणभर गोंधळते. अशीं जोडीचीं नांवें एका कागदावर लिहून भिंतीवर लावावीं.

२०२३ पासून आलेल्या नव्या प्रश्नांत एकाच रोग्याची हकीकत टप्प्याटप्प्यानें उलगडत जाते, व तीवर सहा प्रश्न विचारले जातात. महत्त्वाचीं चिन्हें ओळखणें, त्यांचा अर्थ लावणें, कोणता संभव अधिक गंभीर हें ठरविणें, उपाय सुचविणें, कृति करणें आणि परिणाम पाहणें, अशा त्या सहा पायऱ्या आहेत. आनंदाची गोष्ट ही कीं, यांतील पुष्कळ प्रश्नांत उत्तर अंशतः बरोबर असल्यास अंशतः गुण मिळतात. जिनें प्रत्यक्ष रोगी हाताळले आहेत, तिनें या प्रश्नांस भिण्याचें कारण नाहीं. हें काम ती वॉर्डांत रोजच करीत आली आहे, फक्त तें पायरी-पायरीनें उच्चारण्याची संवय तिला नाहीं. कामावर असतांना एखाद्या रोग्याविषयीं या सहा प्रश्नांचीं उत्तरें मनाशीं दिलीं, तर तोही अभ्यासच होय.

अभ्यासाची आंखणी कशी असावी? पहिले चार-पांच दिवस पुस्तकास हात लावूं नये, झोंप भरून काढावी. नंतर अहवालांत जे दोन विभाग सर्वांत खालीं असतील, त्यांपासून आरंभ करावा. रोज साठ-सत्तर सरावाचे प्रश्न वेळ लावून सोडवावे, आणि तितकाच किंवा त्याहून अधिक वेळ त्यांच्या स्पष्टीकरणांस द्यावा. जें उत्तर बरोबर आलें तें कां बरोबर, आणि उरलेले पर्याय कां नव्हेत, हेंही वाचावें. चुकांची एक वही ठेवावी आणि तींत विषयापेक्षां कारण लिहावें: माहितीच नव्हती, प्रश्न घाईनें वाचला, दोनांपैकीं चुकीचा निवडला, कीं बरोबर उत्तर निवडून ऐन वेळीं बदललें. पंधरा दिवसांनीं ही वही चाळली म्हणजे आपला शत्रु कोण हें कळून येतें. पुष्कळींच्या बाबतींत तो अज्ञान नसून घाई असते. शेवटच्या दोन आठवड्यांत निदान दोन वेळां, परीक्षेच्याच घटकेस, सलग पांच तास बसण्याची तालीम करावी. आदल्या दिवशीं मात्र वही-पुस्तक मिटून ठेवावें.

आतां घरच्या मंडळींविषयीं दोन शब्द, कारण ही परीक्षा एकटीच्या बळावर क्वचितच साधते. १९०९ सालीं पुण्यास रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें सेवासदन निघालें. त्या संस्थेनें स्त्रियांस ससून रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण देवविलें, तेव्हां परक्याच्या देहाची शुश्रूषा कुलीन स्त्रीनें करावी काय, म्हणून सुशिक्षित घरांतूनही नाकें मुरडलीं गेलीं. आज तो आक्षेप कोणी घेत नाहीं. परंतु त्याचा एक अंश मागें उरला आहे. मुलगा परीक्षेस बसला म्हणजे सारें घर दबक्या पावलांनीं वावरतें, आणि सून बसली म्हणजे ‘स्वयंपाक आटोपून बैस’ असें सांगितलें जातें. रात्रपाळी करून आलेल्या मुलीनें सणवार, पाहुणे आणि मुलांचा गृहपाठ उरकून रात्रीं दहा वाजतां पुस्तक उघडावें, आणि मग नापास झाली म्हणून तिच्या बुद्धीस बोल लावावा, हा न्याय नव्हे.

म्हणून दोन महिन्यांपुरती घरांत कामाची वांटणी लिहून ठेवावी, असें आम्ही सुचवितों. सासूबाईंनीं सकाळचा स्वयंपाक, पतीनें मुलांची शाळा, दिरानें बाजारहाट, असें ठरलें म्हणजे तिला रोज तीन-चार तास निर्वेध मिळतात. ‘किती झालें?’ हा प्रश्न रोज विचारूं नये. अमक्याची मुलगी पहिल्याच खेपेस पास होऊन डॉलर पाठवूं लागली, ही कथा तर मुळींच सांगूं नये. निकाल कोणास कळवावयाचा, हें तिचें तिला ठरवूं द्यावें. आणि कर्जाचा हिशोब करावयाचा असेल, तर तो तिच्यासमोर, स्वच्छ आंकड्यांत, एकदांच करावा. न बोललेल्या कर्जाचें दडपण बोललेल्यापेक्षां अधिक असतें.

शेवटीं एक कठीण गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ४५ दिवस पुरे झाले म्हणजे बसलेंच पाहिजे, असें नाहीं. तो नियम किमान अंतराचा आहे. सरावांतील गुण आठवड्यामागून आठवडा स्थिर राहूं लागले नसतील, तर तारीख पुढें ढकलण्यांत कमीपणा नाहीं, आणि दलालाच्या घाईपेक्षां हा विचार मोठा मानावा. तसेंच, अनेक प्रयत्नांनंतरही यश न आल्यास काय करावयाचें, याचा विचारही घरांत मोकळेपणानें झालेला असावा. येथील रुग्णालयांतील पद आहे, अध्यापन आहे, इतर देशांचे मार्गही आहेत. परतीचा रस्ता उघडा आहे हें ठाऊक असलेली मुलगी परीक्षेच्या खोलींत अधिक शांतपणें बसते. असो. ज्या घरांत अशी परीक्षार्थिनी असेल, त्या घरानें हा अंक मिटल्यावर प्रथम एवढेंच करावें: तिचा तो कपाटांत पडलेला अहवाल तिच्या संमतीनें बाहेर काढावा, आणि तिच्याबरोबर बसून तो एकदां शांतपणें वाचावा.